दम आधी परततो, हाडं मागून

फौजेतून पेन्शन येऊन वर्ष होतंय न होतंय तोच गावात विचारायला सुरुवात होते, "डीएससीला का नाही जात?" आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यात तर फारच. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे ५ आणि ७ नंबरचे गट, नानवीजला पोलीस प्रशिक्षण केंद्र, पलीकडं नगरला रणगाड्यांचं आणि मेकनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र. वर्दीचं इथं कुणाला अप्रूप नाही. अप्रूप आहे ते चाळिशीच्या आत घरी बसलेल्या धडधाकट माणसाचं. पाव्हणेरावळे "सध्या काय?" म्हणून विचारतात, आणि शेती म्हटलं की "ते झालंच, पण बाकी काय?"

मीही त्यातलाच. मराठा लाइट इन्फंट्रीत पेन्शनीपुरती नोकरी केली, घरी आलो, रांजणगावच्या एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून शिफ्टा केल्या, ऊस लावला, कारखान्याला घातला. कॅन्टीनचा कोटा सुरू होता तो वेगळाच. पीटी बंद झाली, पण लंगरात लागलेली भूक काही पेन्शन आली नाही. जुन्या बेल्टला नवीन भोक पाडायची वेळ आली तेव्हा डीएससीचं मनावर घेतलं. घरात सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, आधी जिना चढून दाखवा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डीएससी म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर. २५ फेब्रुवारी १९४७ ला उभी राहिलेली, केंद्र केरळात कण्णूरला. दारूगोळा कारखाने, डेपो, विमानतळ, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा यांच्या पहाऱ्याला जी माणसं असतात ती ही. माजी सैनिकांनाच तिथं पुन्हा भरती होता येतं. आधी हवालदार असलात तरी बहुतेकांना पुन्हा शिपाई म्हणूनच उभं राहावं लागतं, आणि आपल्यापेक्षा वयानं लहान साहेबाला सलाम ठोकावा लागतो. ते ज्याला जड जातं त्यानं पुढं वाचलं नाही तरी चालेल. पण १५ वर्षं भरली की दुसरी पेन्शन उभी राहते, आणि म्हणून माणसं जातात. दुसरा रस्ता टेरिटोरियल आर्मीचा, १९४९ पासूनचा. तिसरा पोलीस भरतीचा, तिथं माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे.

तिन्ही रस्ते मैदानातूनच जातात. जिल्हा पोलिसांच्या भरतीत १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण. राखीव दलाला जायचं तर १६०० चे थेट ५ किलोमीटर होतात आणि गुण १००. गोळा ७.२६० किलोचा. आता हे आकडे वाचून ज्यानं कधी बीपीईटी दिली आहे, पाठीवर पिट्ठू, खांद्यावर रायफल घेऊन ५ किलोमीटर मारले आहेत, तो मनात हसतो. मीही हसलो होतो. माजी सैनिकाचा घात होतो तो इथं. नवख्या पोराला आपल्याला काहीच येत नाही हे ठाऊक असतं. आपल्याला सगळं येत होतं हे आठवत असतं, आणि पाय त्या आठवणीच्या हुकमावर पळतात.

शिरूर, न्हावरा, केडगाव, दौंड, कुठंही बघा, पहाटे मैदानावर भरतीची पोरं असतात. अकॅडम्यांचे बोर्ड तर कोचिंग क्लासपेक्षा जास्त. मी त्या पोरांच्यात जाऊन मिसळलो. पहिला आठवडा जीव घशाशी आला. दुसऱ्यात श्वास बसला. तिसरा संपता संपता मी एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या मागं चार हातांवर पळत होतो आणि मैदानाच्या कडेला उभे असलेले त्यांचे बाप माझ्याकडं बोट दाखवून त्यांना टोमणे मारत होते. यापेक्षा धोक्याचं काही नाही. कारण दम लवकर परततो. हृदय आणि फुप्फुसं जुन्या कामाला थोड्या आठवड्यांत सरावतात, ज्यानं आधी वर्षानुवर्षं मेहनत केली आहे त्याचं तर आणखी लवकर. मांड्या-पोटऱ्या त्यामागून. टाचेवरची शीर, गुडघ्याखालचे जोड आणि नडगीचं हाड यांना मात्र महिने लागतात, आणि ते वाट बघायला सांगत नाहीत.

हाडाची तऱ्हा अशी की नव्या भाराला तोंड द्यायचं तर ते आधी जुना भाग काढून टाकतं आणि नवा मागून भरतं. मधल्या काळात ते आधीपेक्षा कच्चं असतं. शिरूर-चौफुला रस्त्याचं काम चालू असताना ज्यानं गाडी चालवली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको: उकरलेला रस्ता डांबर पडायच्या आत वापरला की काय होतं ते. रिक्रूटांच्या नडग्या ट्रेनिंगच्या पहिल्याच महिन्या-दोन महिन्यांत जातात त्या यामुळं. बेळगावला आमच्या वेळीही पोरं लंगडायची आणि उस्ताद म्हणायचे, "नाटक करतोय." सगळीच नाटकं नसायची.

माझ्या नडगीत दुखायला लागलं तेव्हा सुरुवातीला पळून गरम झालं की थांबायचं. मग थांबेना. मग रात्री पांघरूण लागलं तरी कळ यायला लागली. मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेऊन आणखी थोडे दिवस काढले. पुढचं सांगण्यासारखं एवढंच की शेजारच्या वाडीवर आर्मी फिजिकल ट्रेनिंग कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक तात्या आहेत. पुण्याच्या पीटी स्कूलला उस्ताद होते. ते गोठ्यात धार काढत होते. त्यांनी हात पुसले, मला पालथ्या बादलीवर बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत वर सारायला लावली आणि अंगठ्यानं नडगीच्या आतल्या कडेवरून वरून खाली हळूहळू दाबत आले. बरंच अंतर काही नाही. मग घोट्याच्या वर वितीभर एका जागी अंगठा टेकला आणि माझा पाय आपोआप उडाला. त्यांनी पुन्हा तिथंच टेकला. पुन्हा उडाला. "सगळी नडगी दुखत असती तर म्हणलो असतो, जरा कमी पळ," ते म्हणाले. "ही एका बोटाची जागा आहे. उद्यापासून पळणं बंद. एक्स-रे काढ, पण त्यात काही दिसलं नाही म्हणून नाचत येऊ नको."

खरंच एक्स-रेत काही दिसलं नाही. बारीक चीर सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रेवर येत नाही, एमआरआयवर येते. तिथं ती आली. ही खूणगाठ प्रत्येकानं बांधावी. पसरून दुखतं ते बहुधा स्नायूंचं आणि आवरणाचं, ते पळणं कमी केलं की आटोक्यात येतं. बोट ठेवून दाखवता येतं, एका पायावर उडी मारल्यावर टोचतं, रात्री पडल्यावरही ठणकतं, ते हाडाचं समजायचं आणि हाडाच्या डॉक्टरकडं जायचं. गोळी खाऊन पळालेला माणूस चिरेचं मोडणं करून घेतो.

पाय सुधारत होता तोवर तात्यांनी मला सायकल दिली. मी ती मांडवगण फराट्याच्या बाजूला दामटायचो आणि दुपारी विहिरीत पोहायचो, त्यानं दम शाबूत राहिला. नंतर डॉक्टरांनी होकार दिल्यावरही लगेच पळू दिलं नाही. आधी चालणं. नुसतं चालणं नव्हे, पिट्ठू घेऊन. पोत्यात मोजून पाच किलो ज्वारी घालून सुरुवात, आणि वजन वाढवायचं ते अंतर न वाढवता, अंतर वाढवायचं ते वजन न वाढवता. दोन्ही एका आठवड्यात कधीच नाही. तात्यांचा एकच निकष होता: काल जे केलं त्याचं आज सकाळी अंथरुणातून उठताना काय म्हणणं आहे. पहिली चार पावलं लंगडत पडली तर त्या दिवशी वाढ नाही.

चालण्याला कमी समजणारे आमच्या तालुक्यात तरी नसावेत. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली, रात्रभर चालून १ जानेवारीला सकाळी कोरेगाव भीमाला पोचली आणि मग दिवसभर लढली. आजच्या नगर रोडनं ते अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास भरतं. त्या पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येनं होते, जयस्तंभावर त्यांची नावं आहेत. १६०० मीटर किती मिनिटांत मारतोस असं त्यांना कुणी विचारलं नसेल. शिपायाचं शरीर मुळात ओझं घेऊन लांब जाण्यासाठी तयार केलेलं असतं. पळणं ही त्यावरची चढती पायरी. चालणं पक्कं झाल्यावर मग एक मिनिट हलकं पळणं, दोन मिनिटं चालणं, असं करत मी पुन्हा सलग पळायला लागलो. एक दिवस पळायचं, एक दिवस नाही. १६०० मीटर वेळ लावून पळायची परवानगी सगळ्यात शेवटी मिळाली. आणि त्याच्या जोडीला रोज दावणीच्या खांबाला धरून एका पायावर टाच उचलायची. पोटरी थरथरायला लागेपर्यंत. दिसायला फालतू व्यायाम आहे. चाळिशीतल्या माणसाची टाचेची शीर वाचते ती त्यावर.

कुठं पळायचं हेही इकडं विचारपूर्वक ठरवावं लागतं. डांबरी रस्ता सोपा दिसतो, पण नडगीला कडक, आणि गाळपाच्या हंगामात पहाटेच्या अंधारात बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या जोड-जोडीनं येत असतात. तिथं पळणं म्हणजे भरतीआधीच नाव कमी करून घेणं. कालव्याचा भराव सगळ्यात चांगला. दौंड तालुक्यात खडकवासल्याच्या उजव्या कालव्याच्या कडेनं यवतपासून पाटसपर्यंत मुरमाची वाट सापडते, शिरूरकडं चासकमानच्या आणि घोडच्या चाऱ्या आहेत. फक्त एक बघा, भराव एका बाजूला कललेला असतो, म्हणून जाताना ज्या कडेनं गेलात येताना त्याच कडेनं या. म्हणजे उतार एकाच पायावर पडत नाही.

पण कालव्याला लागून ऊस असतो आणि उसात बिबट्या. शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्यानं माणसं मारली आहेत, ही ऐकीव गोष्ट नाही. आता तो भीमा ओलांडून दौंडच्या वस्त्यांवरही दिसतो. पहाटे चारला एकट्यानं कानात हेडफोन घालून उसाच्या बांधानं पळणं ही बहादुरी नाही. फटफटल्यावर निघा, दोघं-तिघं मिळून निघा, बॅटरी ठेवा, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा. बुटाची लेस बांधायला उसाच्या कडेला खाली बसू नका, वाकलेला माणूस त्याला जनावराएवढा दिसतो. इतकी वर्षं काश्मिरात पेट्रोलिंग केलं म्हणणाऱ्या माणसाला हे सांगताना लाज वाटते, पण सांगायला हवं.

फटफटल्यावर निघायचं म्हटलं की उन्हाळ्यात दुसरी अडचण येते, ऊन. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाला शरीर सरावतं, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि तेही रोज थोडं थोडं. एमआयडीसीत एसी केबिनमध्ये बसणाऱ्या माणसानं सुट्टीच्या एका दिवशी दुपारी कसर भरून काढायची नसते. आमच्यातल्या एकानं तसं केलं. संध्याकाळी मांड्या दगडासारख्या झाल्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. त्यानं वरून दुखायची गोळी घेतली होती. स्नायू फुटून त्यातला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाला जाऊन अडकतो, वर पाणी कमी आणि डायक्लोफिनॅकसारखी गोळी, म्हणजे मूत्रपिंडावर तिहेरी मार. त्याला वेळेत सलाईन मिळालं म्हणून तो सुटला. लघवीचा रंग असा दिसला तर घरी ताक पीत बसू नका, तसेच दवाखाना गाठा. आणि पळताना एखादा अचानक असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, मोटार चालू करून पाइपच धरा, आणि गार करत करतच न्या. डोक्यावर ओला रुमाल ठेवून भागत नाही. मैदानावर कुणी "ताकदीचं इंजेक्शन" किंवा पावडर देऊ करतं, त्याच्याशी तिथंच रामराम करावा.

खाण्याबद्दल मला फार सांगायचं नाही. भाकरी, उसळ, अंडी, दूध. कोटा बंद. झालं.

आता मेडिकल. हे खरं तर आधी करायचं आणि सगळे शेवटी करतात. भरतीची तयारी करायच्या आधी रक्तदाब, साखर, ईसीजी बघून घ्या. चाळिशी ओलांडली असेल किंवा बापाला-भावाला हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून टीएमटीही. ईसीएचएसचं कार्ड कपाटात ठेवण्यासाठी नसतं. डीएससीला शेप-वन लागतं. एस म्हणजे मन, एच कान, ए हातपाय, पी शरीराची एकूण क्षमता, ई डोळे. पेन्शन येताना लो मेडिकल कॅटेगरीत आला असाल तर मैदानावर घाम गाळायच्या आधी रिलीज मेडिकलचे कागद घेऊन बसा आणि दार उघडं आहे का ते बघा. कॅरेक्टर काय लिहिलंय, रेड इंक एन्ट्री किती, हेही डिस्चार्ज बुकात असतं. वयाला मर्यादा आहे, आणि डिस्चार्जपासून पुन्हा भरतीपर्यंतच्या अंतरालाही. जीडीला वेगळी, क्लार्कला वेगळी, आणि नियम बदलत राहतात, तेव्हा चावडीवरच्या माहितीवर जाऊ नका. आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून किंवा पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून ताजं पत्रक बघून घ्या. ही मुदत आधी कळली तर घाई होत नाही, आणि नडग्या जातात त्या घाईनं.

माणसं मोठ्या आजारानं कमी आणि किरकोळ गोष्टींनी जास्त परत येतात. कानात मळ. मूळव्याध. पायावर फुगलेल्या शिरा. अंडवृद्धी. दातांचे चौदा पॉइंट भरत नाहीत, कारण पेन्शन आल्यापासून दाढा काढल्या आणि बसवल्या नाहीत. यातल्या बहुतेकांवर इलाज आहे, पण ऑपरेशनची जखम भरायला वेळ लागतो, आणि ताजी जखम दिसली की टेम्पररी अनफिट. रक्तदाबाची तर कथाच. रात्रीच्या गाडीनं उभ्यानं जायचं, स्टेशनवर पेपर अंथरून पडायचं, उन्हात रांग लावायची, दोन चहा मारायचे आणि मग दंडाला पट्टा बांधून घ्यायचा. पारा वर जाणारच. दौंड जंक्शनवरून देशात कुठंही जायला गाडी मिळते, मग आदल्या दिवशी पोचून झोपायला काय हरकत आहे? लॉजचे पैसे वाचवण्यात अनेकांची भरती गेली आहे.

निवड झाली की माणूस ढिला पडतो. पण दुसऱ्या पेन्शनचा हिशेब भरतीच्या दिवशी सुरू होतो. पहिली पेन्शन चालू ठेवायची की जुनी नोकरी यात जोडायची, हा पर्याय लिहून देताना चार जुन्या लोकांना विचारा. घाईनं सही करून नंतर खेटे घालणारे मी पाहिले आहेत. मुदत वाढवून घेताना पुन्हा मेडिकल असतंच. मध्येच साखर-रक्तदाबानं कॅटेगरी खाली आली तर १५ वर्षांचं गणित बिघडू शकतं. म्हणून पीटी परेड नसेल त्या दिवशीही चालणं आणि टाच उचलणं सोडू नका. पहाऱ्याची नोकरी पळणाऱ्याची नाही, उभं राहणाऱ्याची आहे, आणि तासन्‌तास उभं राहण्यानं पायाच्या शिरा फुगतात, कंबर धरते. पोस्टवर दर थोड्या वेळानं टाचा वर-खाली करा, वजन या पायावरून त्या पायावर घ्या, साहेब समोर नसताना गुडघे सैल सोडा. नवे बूट मिळाले की पहिल्याच रात्री ते घालून ड्युटीला जाऊ नका. आधी संध्याकाळी बॅरेकीत जाड मोजे घालून त्यात हिंडा, टाचेला कुठं घासतंय ते बघा, आणि तेवढ्या जागी चिकटपट्टी लावूनच पोस्टवर जा.